फोर्कलिफ्टचं चाक पायावरून गेलं. अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहायचा का?

स्टोअर_सुपरवायझर

नमस्कार मंडळी. एका फॅब्रिकेशन कारखान्यात स्टोअर आणि माल उतरवण्याचं काम मी बघतो. परवा दुसऱ्या शिफ्टला आमच्या एका हेल्परच्या उजव्या पायावरून फोर्कलिफ्टचं मागचं चाक गेलं. पावलाची तीन हाडं मोडली. ऑपरेशन झालंय, तो अजून रुग्णालयातच आहे.

घडलं ते असं. ट्रेलरवरून विजेच्या मोठ्या मोटारीचा लाकडी खोका उतरवत होते. मशीन ३ टनी. फोर्कवर, म्हणजे माल उचलणाऱ्या पुढच्या दोन पोलादी पात्यांवर, खोका सरळ बसला नव्हता, एका अंगाला झुकत होता, म्हणून हेल्पर उजव्या बाजूने त्याला हात देऊन चालत होता. ट्रेलरपासून मागे आल्यावर ड्रायव्हरने मशीन पुढे घेतलं आणि स्टोअरच्या दारासाठी डावीकडे वळवलं. खोका पुढे गेला, हेल्पर जागीच थांबला. त्याच्या पाठीला स्क्रॅपचा मोठा बिन होता. मशीनचं बूड, म्हणजे मागचा भाग, उजवीकडे फिरलं आणि चाक त्याच्या पावलावर चढलं. सेफ्टी शूज पायात होते, हेही सांगतो.

अहवाल मला लिहायचा आहे. छापील फॉर्ममध्ये ‘अपघाताचे कारण’ यासाठी दोन ओळींची जागा आहे. वरून निरोप आलाय की ‘कामगाराने चालत्या यंत्रापासून सुरक्षित अंतर पाळले नाही’ एवढं लिही आणि फाइल बंद कर. वाक्य खोटं नाही. पण मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, मी बाजूला झालो असतो तर खोका कोणी धरला असता?" मला काही बोलताच आलं नाही.

ज्यांनी लोडिंग-अनलोडिंगवर वर्षं काढली आहेत त्यांना विचारतो, अशा वेळी कारण काय लिहावं? सगळं त्या पोरावर ढकलून मी सही करणार नाही. पण मग त्याऐवजी नेमकं काय लिहायचं, हे मला कळलं पाहिजे.

प्रॉडक्शन_इन्चार्ज

तुमचा माणूस लवकर बरा होवो. पण दुसरी बाजूही ऐका. आमच्याकडे पिवळे पट्टे मारलेत, फलक लावलेत, शिफ्ट सुरू होताना सूचना देतो, तरी लोक मशीनला खेटून चालतात. हटकलं तर ‘काही होत नाही साहेब’ हे उत्तर ठरलेलं. अहवालात चूक लिहिलीच नाही तर बाकीच्यांना धाक कशाचा राहणार? नियम मोडला असेल तर त्याची नोंद झालीच पाहिजे. सहानुभूती आपल्या जागी, नोंद आपल्या जागी.

मास्टवाला

मी बरीच वर्षं फोर्कलिफ्ट चालवली, आता नव्या ड्रायव्हरांना शिकवतो. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, तेव्हा थोडं लांबेल.

इन्चार्ज साहेब, तुमची चीड मला समजते. पण ‘अंतर पाळले नाही’ याने काहीच कळत नाही. चाक पायावर चढलं म्हणजे अंतर नव्हतं, हे उघडच आहे. शोधायचं ते दोन गोष्टींचं उत्तर. माणूस त्या जागी का होता? आणि तो तिथे असताना मशीन तिथे का आलं?

आधी मशीनचा स्वभाव बघा. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. मोटारगाडी वळताना मागचा भाग पुढच्याच्या मागोमाग येतो. इथे पुढची चाकं जवळजवळ जागच्या जागी फिरतात आणि बूड उलट्या बाजूला झपकन बाहेर पडतं. कडेला उभ्या माणसाला वाटतं की खोका गेला, आता मशीन आपल्या पुढून निघून जाईल. तो निर्धास्त होतो, आणि नेमकं तेव्हाच बूड त्याच्याकडे येतं. ड्रायव्हरची नजर त्या घडीला खोक्याच्या कोपऱ्यावर असते, कारण दाराची चौकट जवळ आलेली असते. मागे उजवीकडे काय चाललंय हे त्याला दिसत नाही, दिसणारही नाही.

नवीन पोरांना सीटवर बसवण्याआधी मी हे दाखवतो. मोकळ्या जागेत मशीन उभं करतो, मागच्या कोपऱ्याला लागून जमिनीवर खडूने सरळ रेघ ओढतो, पोरांना लांब उभं करतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून मशीन सावकाश पुढे घेतो. बूड रेघ ओलांडून किती बाहेर येतं ते एकदा डोळ्यांनी बघितलं की पुन्हा सांगावं लागत नाही. अडचण अशी की हे आपण फक्त ड्रायव्हरला दाखवतो. ज्याचा पाय जमिनीवर असतो त्या हेल्परला कोणी दाखवत नाही. तुमच्या हेल्परला दाखवलं होतं का, हे अहवालात यायला हवं.

शूजबद्दल. बोटांवरची पोलादी टोपी २०० जूलपर्यंतचा धक्का सोसेल अशी बनवलेली असते, म्हणजे साधारण २० किलोची वस्तू एक मीटरवरून पडली तर बोटं वाचतात. टोपी बोटांपुरतीच असते. चाक तिच्या मागे, पावलाच्या उंचवट्यावर चढतं, तिथे नुसतं चामडं. आणि चाकाखालचा भार बघा. रिकामं ३ टनी मशीन स्वतःच चार टनांच्या वर भरतं, त्यातला निम्म्याहून जास्त भार मागच्या दोन चाकांवर, कारण मालाला तोलून धरणारं वजन, काउंटरवेट, तिकडेच. फोर्कवर माल असला की बराचसा भार पुढे सरकतो, तरी एकेका मागच्या चाकाखाली काही शे किलो उरतातच. शूज होते तरी हाडं मोडली यात नवल नाही.

आता खोका. तो झुकत का होता, याचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण माणूस तिथे आला तो त्यामुळे. फोर्क दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर होते का? खोक्याच्या खालच्या फळ्या धड होत्या का? मोटारीचं वजन खोक्याच्या मध्यावर असतंच असं नाही, शाफ्टकडची बाजू हलकी असते. गुरुत्वमध्याची खूण खोक्यावर होती का? माल पाठवणाऱ्याने ती केली नसेल तर तेही कारणात मोडतं.

याच्याशी जोडून आणखी एक. ३ टनी मशीन म्हणजे कसलाही ३ टन माल उचलेल असं नव्हे. या आकाराच्या मशीनवर ती क्षमता सहसा फोर्कच्या मुळापासून ५०० मिलिमीटरवर मालाचा मध्य धरून दिलेली असते. खोका १६०० मिलिमीटर खोल असेल तर मध्य ८०० वर गेला. पुढच्या आसापासून फोर्कच्या मुळापर्यंत अर्धा मीटर धरलं तर ३ टनाचे साधारण २.३ टन होतात. मास्ट, म्हणजे फोर्क वर-खाली नेणारा पुढचा उभा सांगाडा, उंच नेला की आणखी कमी. खरा आकडा मशीनवरच्या पाटीवर असतो, फक्त ती पाटी रंगाखाली गेलेली नसावी.

झुकणारा खोका हाताने सावरता येतो हा समज तर मोडूनच काढायला हवा. टनभर वजन कलंडायला लागलं तर माणूस त्याला रोखू शकत नाही, तो त्याच्याखाली सापडतो. खोका झुकतोय असं दिसलं की खाली टेकवायचा, फोर्क काढायचे, पुन्हा नीट घालायचे. यात मिनिटं जातात, आणि ट्रेलरवाला घाई करत असतो. घाई होती का? कोणाची होती? तेही विचारा.

कामगाराला दोष देण्याची ही सवय जुनी आहे. १९३१ साली हाइनरिख नावाच्या अमेरिकेतल्या विमा अधिकाऱ्याने मांडलं की ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात. आजही सुरक्षेच्या भाषणांत तो आकडा ऐकू येतो. त्याने तो काढला कशावरून? विम्याच्या दाव्यांच्या फायली आणि कारखान्यांकडच्या नोंदी वाचून. त्या नोंदी लिहिल्या होत्या तुमच्यासारख्या सुपरवायझरांनी आणि मालकांनी. तुम्ही आज फॉर्ममध्ये जे लिहाल त्यावरून उद्या कोणीतरी असाच आकडा काढेल. म्हणून त्या दोन ओळींना मी एवढं महत्त्व देतो.

कॅज्युअल्टी_सिस्टर

कारणाचं तुम्ही जाणकार बघा, मी पायाबद्दल लिहिते. अपघात विभागात काम करताना यंत्राखाली चेंगरलेले हात-पाय खूप बघितलेत.

चाक फिरून गेलेला पाय वरून दिसतो त्यापेक्षा आतून जास्त बिघडलेला असतो. टायर कातडी ओढत नेतो, त्यामुळे कातडी वरून अखंड दिसली तरी खालच्या थरापासून सुटलेली असू शकते. तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि पुढच्या काही दिवसांत ती काळी पडू लागते. ‘हाड नाही मोडलं, थोडं खरचटलंय’ असं म्हणून अशा माणसाला घरी पाठवू नये.

दुसरं भय सुजेचं. पाऊल आणि पोटरीचे स्नायू घट्ट पडद्यांच्या कप्प्यांत असतात. आत सूज वाढली की जागा नसल्याने दाब चढतो आणि स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. दुखापतीच्या मानाने दुखणं फार जास्त, वेदनाशामक देऊनही न थांबणारं, बोटं हलवून बघितली तर कळ असह्य, मुंग्या, बधिरपणा. ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवायचं. कप्पे वेळेत उघडले तर पाय वाचतो. वेळ तासांत मोजावा लागतो. तुमच्या हेल्परजवळ जो राहतोय त्याला हे सांगून ठेवा. ऑपरेशननंतरही लक्ष ठेवावं लागतं. पुष्कळ पेशंट ‘उगाच सिस्टरांना त्रास कशाला’ म्हणून दात-ओठ खाऊन पडून राहतात, तसं करू देऊ नका.

घटनास्थळी बूट जोर लावून ओढू नये. नाडी कापून सैल करावा, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावं, पाय आधार देऊन स्थिर ठेवावा. बोट तुटून पडलं असेल तर ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते गोठून निकामी होतं. लोक घाबरून हमखास हेच करतात.

आणि कोणाची मांडी किंवा अख्खा पाय तास-दीड तासापेक्षा जास्त वेळ मालाखाली अडकला असेल तर वैद्यकीय मदत पोचल्यावर त्यांच्या देखरेखीत भार उचलावा. चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरतं, हृदयाचे ठोके बिघडतात, मूत्रपिंडं बंद पडतात. १९४१ साली लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात ढिगाऱ्याखालून बाहेर काढल्यावर ठीक वाटणारी माणसं काही दिवसांत दगावत होती, तेव्हा बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी हे नीट नोंदवलं. अर्थात काही मिनिटांतच काढता येत असेल तर अजिबात थांबू नका, ताबडतोब काढा.

खलाशी_मुकादम

फोर्कलिफ्टचं मास्टवाल्यांनी सांगितलंच. मी क्रेन आणि हायड्रावर (माल लटकवून चालणाऱ्या क्रेनवर) खलाशांची, म्हणजे माल बांधून हलवणाऱ्या कामगारांची, टोळी सांभाळतो. आमच्याकडे हाच अपघात वेगळ्या कपड्यांत येतो. हायड्राच्या हुकाला पाइप किंवा चॅनेल लटकलेला, गाडी चालतेय, आणि दोन पोरं माल डोलू नये म्हणून त्याला धरून गाडीच्या पुढ्यात चालतायत. क्रेनचा लांब हात (बूम) आणि माल या दोन्हींमुळे ती पोरं ड्रायव्हरच्या नजरेआड होतात. पोरगं खड्ड्यात पाय मुरगळून पडलं की चाक त्याच्यावर. माझ्या टोळीत मालाला हात लावून चालायचं नाही, हे ठरलेलं आहे. दोन्ही टोकांना दोरी बांधायची, ती हाताला गुंडाळायची नाही, आणि गाडीच्या बाजूला लांबून चालायचं. माल आणि भिंत, माल आणि ट्रेलरचा फाळका यांच्या मधे तर कधीच शिरायचं नाही. माल झुलला तर पळायला जागा राहत नाही.

तुमच्या माणसाच्या पाठीशी बिन होता, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. मशीन आणि अडथळा यांच्या मधे सापडणं हीच खरी गोष्ट आहे. बिन नसता तर तो एक पाऊल मागे सरकला असता. बिन तिथे कोणी ठेवला आणि किती दिवस होता, हे लिहाच.

स्लिंगबद्दलही सांगतो, खोका पट्ट्याने उचलायचं कोणाच्या मनात आलं तर उपयोगी पडेल. दोन पायांच्या स्लिंगने, म्हणजे एका हुकातून खाली उतरणाऱ्या दोन पट्ट्यांनी, २ टन उचलले म्हणजे एका पायावर १ टन येतो असं सगळे धरून चालतात. पाय जमिनीशी ६० अंशात असतील तर प्रत्येकावर साधारण १.१५ टन येतो, ४५ अंशात १.४, आणि ३० अंशात प्रत्येक पायावर पूर्ण २ टन. खोका रुंद आणि स्लिंग आखूड, की कोन पसरतो आणि पट्टा तुटतो. मग म्हणायचं पट्टा खराब निघाला. इशारे देणारा एकच माणूस असावा, पण ‘थांब’चा हात कोणीही केला तरी मशीन थांबलंच पाहिजे, मग तो हात झाडूवाल्याचा का असेना.

स्टोअर_सुपरवायझर

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचा मजकूर हेल्परच्या भावाला वाचून दाखवला. काल रात्री बधिरपणाची तक्रार होती, डॉक्टरांनी लगेच तपासलं, धोका नाही म्हणाले. भाऊ आता जागा राहतो.

आज मी मशीन आणि जागा दोन्ही बघून आलो. जे दिसलं ते लिहितो.

उजवा फोर्क त्याच्या खाचेत पक्का बसत नाही. फोर्क जागेवर धरणारी वरची पिन तुटलेली आहे आणि तिच्या जागी जाड तार पिळून घातली आहे. माल चढला की फोर्क आत सरकतो. ड्रायव्हर म्हणाला, "म्हणूनच तर खोका झुकायचा, सगळ्यांना माहीत होतं." रोजच्या तपासणीच्या कागदावर मात्र सगळीकडे बरोबरच्या खुणा आहेत, पिनेच्या रकान्यातसुद्धा.

स्क्रॅपचा बिन चालण्याच्या पिवळ्या पट्ट्यावर ठेवलेला आहे. कटिंग विभागाचा बिन भरला की जागा नाही म्हणून तो तिथे आणून ठेवतात. म्हणजे माणसाने चालायचं कुठून, तर मशीनच्या वाटेतून.

खोक्यावर गुरुत्वमध्याची खूण नाही. हेल्परला स्टोअरच्या कामाची माहिती दिल्याची नोंद आहे, पण मशीनच्या बुडाबद्दल त्यात काही नाही. त्या संध्याकाळी गेटबाहेर आणखी ट्रेलर उभे होते आणि रात्रीच्या आत सगळे मोकळे करायचा आदेश होता.

इन्चार्ज साहेब, पट्टे आमच्याकडेही मारलेले आहेत. पट्ट्यावर बिन आहे.

फिटर_बाबा

पिनेचं वाचून लिहावंसं वाटलं. ती पिन फार किरकोळ भाग आहे, पण ती नसली की फोर्क कधीही सरकेल किंवा कडेपर्यंत जाऊन कॅरेजवरून (फोर्क अडकवायच्या चौकटीवरून) निसटेल. एक फोर्क एकट्या माणसाने उचलवत नाही एवढा जड असतो, तो पायावर पडला तरी पाऊल गेलं. तार लावणारा आमच्यापैकीच कोणी तरी असेल, ‘आजचं काम निभवा, उद्या बघू’ म्हणून. तेव्हा मेंटेनन्सकडे पिनेची मागणी नोंदवली होती का, कधी, आणि पुढे काय झालं, हे काढा. मागणी सापडली तर त्या कागदाची प्रत अहवालाला जोडा.

मशीन उभं केलंच आहे तर फोर्कच्या कोपऱ्याची जाडीही मोजून घ्या. मूळ ४० मिलिमीटर असेल आणि झिजून ३६ वर आली असेल तर तो फोर्क बाद. दहा टक्के झीज झाली की ताकद साधारण वीस टक्क्यांनी घटते. मास्टची साखळी ताणून तीन टक्के लांबली असेल तर तीही बदलायची. आणि तपासताना हायड्रॉलिकच्या पाइपला तेल पाझरताना दिसलं तर हात फिरवून भोक शोधू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. आत दीडशे-दोनशे बार दाब असतो. बारीक धार कातडीतून आत शिरते, वरून सुई टोचल्याएवढं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि तेल आतून हात सडवतं. अशा माणसाला मलमपट्टी करून कामाला लावतात, तिथेच घात होतो. त्याला थेट सर्जनकडे न्यायचं.

प्रॉडक्शन_इन्चार्ज

तार लावलेली पिन असेल तर माझं मत बदलावं लागेल, ते मान्य करतो. पण एक विचारतो, मग माणूस बेफिकीर असूच शकत नाही का? सगळं यंत्रणेवरच घालायचं?

मास्टवाला

असू शकतो, साहेब. शर्यत लावून मशीन पळवणारे, मोबाइल कानाला लावून वळणारे मी हाकललेले आहेत. कोणी तसं केलं तर ते नावानिशी लिहावं. पण इथे हेल्पर खोका पडू नये म्हणून धडपडत होता, कामचुकारपणा करत नव्हता. तो नसता तर खोका पडला असता आणि त्याबद्दलही त्यालाच बोल लागला असता. शिवाय वेगाचं साधं गणित बघा. मशीन ताशी १० किलोमीटरने चाललं तरी सेकंदाला पावणेतीन मीटर जातं. ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर संपलेलं असतं. माणसाच्या सावधपणावर एवढा भार टाकून चालत नाही. मशीनची वाट आणि माणसाची वाट वेगळी ठेवणं हाच खात्रीचा उपाय, सूचना आणि शूज त्याच्या नंतर.

सुपरवायझर दादा, तुम्ही काम चोख केलंत. आता लिहायचं कसं ते सांगतो. दोन ओळींच्या जागेत ‘सोबतचे पान पाहावे’ लिहा आणि वेगळं पान जोडा. माझ्या हाताने लिहिलं असतं तर असं लिहिलं असतं:

‘उजव्या फोर्कची अडकवणारी पिन तुटलेली असून तिच्या जागी तार होती. त्यामुळे फोर्क आत सरकून खोका उजवीकडे झुकला. खोका हाताने सावरण्याची पद्धत या ठिकाणी रूढ होती व ती कोणीही थांबवलेली नव्हती. चालण्याच्या पट्ट्यावर स्क्रॅपचा बिन असल्याने कामगारास मागे सरकण्यास जागा नव्हती. वळताना मशीनचा मागील भाग बाहेर येतो, याची माहिती कामगारास दिल्याची नोंद नाही. वरील सर्व बाबी एकाच वेळी जुळून आल्याने मागील चाक कामगाराच्या उजव्या पावलावरून गेले.’

यात कोणाचं नाव नाही, कोणाला शिवी नाही, आणि एकही वाक्य कोणाला खोडता येणार नाही. खाली उपाय लिहा, प्रत्येकापुढे करणाऱ्याचं पद आणि तारीख. पिन बसेपर्यंत मशीन बंद, किल्ली तुमच्याकडे. बिनला दुसरी जागा. मशीन हलत असताना दोन मशीनच्या लांबीइतक्या अंतरात कोणी नाही, ट्रेलरचा माणूससुद्धा नाही. तारेचा, बिनचा आणि खोक्याचा फोटो आजच काढून ठेवा, उद्या तार जागेवर नसेल.

स्टोअर_सुपरवायझर

फोटो काढले, किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पान तुमच्या नमुन्यावरून लिहिलं, कालचं निरीक्षण तारखेसह घातलं. मेंटेनन्सच्या वहीत पिनेची मागणी सापडली, अपघाताच्या बऱ्याच आधीची. प्रत जोडली. वरून नाराजी आहे, पण पान परत घे असं कोणी लेखी म्हणालेलं नाही.

एक राहिलं. ड्रायव्हर. त्या दिवसापासून तो मशीनजवळ यायला तयार नाही. जेवत नाही, नुसता बसून असतो. काही जण म्हणतात त्याला लगेच सीटवर बसवा, म्हणजे भीती मोडेल. मला ते बरोबर वाटत नाही. काय करावं?

मास्टवाला

जबरदस्तीने बसवू नका. धास्तावलेला ड्रायव्हर प्रत्येक वळणावर मागेच बघत राहतो आणि पुढचा माल कुठेतरी ठोकतो. काही दिवस त्याला स्टोअरमध्ये नोंदीचं किंवा मोजणीचं काम द्या, पगार कापू नका, आणि ही शिक्षा नाही हे सगळ्यांसमोर सांगा. झोप लागत नसेल, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल तर डॉक्टरांकडे न्या. सिस्टरही याबद्दल सांगू शकतील. तो स्वतःहून तयार झाला की आधी रिकामं मशीन, मोकळं मैदान, शेजारी एखादा जुना ड्रायव्हर उभा. मग हलका माल. अपघातानंतर ड्रायव्हरची पुन्हा चाचणी घ्यायचीच असते, ती तेव्हा घ्या, आधी नको.

हेल्परला त्याला भेटायचं असेल तर भेट घडवून आणा, पण दोघांनाही विचारून. आणि ड्रायव्हरचा जबाब अजून घेतला नसेल तर तो तुम्ही स्वतः घ्या, त्याच्या शब्दांत, त्याच्या ओळखीचा एखादा माणूस शेजारी बसवून. वरच्या कोणाच्या केबिनमध्ये एकट्याला बोलावून, आधीच टाइप केलेल्या कागदावर त्याची सही घेऊ देऊ नका. फोर्क सरकत होता आणि सगळ्यांना माहीत होतं, हे वाक्य त्याच्या तोंडचं आहे, ते जबाबात जसंच्या तसं आलं पाहिजे.